घरी रेकॉर्ड करू की नागपूर गाठू? दारव्ह्याच्या भावाला उत्तर

प्रश्न असा की, वऱ्हाडीत गाणी लिहितो, चालीही स्वतःच लावतो, गाठीला थोडे पैसे आहेत; ते स्टुडिओत एका गाण्यावर घालू की घरी सामान घेऊ?

घरीच बस, भाऊ. स्टुडिओत तासावर पैसे लागतात, म्हणून कडवं बदलावंसं वाटलं तरी माणूस बदलत नाही. घरी रात्री बारालाही बदलता येतं.

मी ऐंशीच्या दशकात दोन टेपरेकॉर्डरवर सुरुवात केली. एकावर पेटी आणि आवाज भरायचा, तो वाजवत ढोलकी धरायची आणि दुसऱ्यावर दोन्ही टिपायचं. दर फेरीला टेपची खरखर वाढे. तिसऱ्या फेरीत गाणं टिनावरच्या पावसासारखं ऐकू येई. त्यामुळे वाद्यं कमी ठेवायची आणि शब्द स्वच्छ लावायचे, ही सवय लागली ती कायमची. आजची पोट्टी ट्रॅक (एकेका आवाजाचा किंवा वाद्याचा वेगळा थर) फुकट मिळतात म्हणून चाळीस भरतात अन् शब्द शोधावे लागतात.

सामान थोडंच घे: दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर असतो तसा), कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. कंडेन्सर या जास्त नाजूक माइकला 48 व्होल्ट द्यावे लागतात, ते इंटरफेस देतो. पण हा माइक शेजारच्या बकरीपासून शेतातल्या मोटरपर्यंत सगळं टिपतो. रेकॉर्डिंग 24 बिट वेव्ह (न दाबलेली, पूर्ण आवाजाची फाइल) मध्ये, आवाजाचं टोक सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास. भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टरची घूं येते, तेव्हा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालव.

भिंतीला लावायच्या फोमवर खर्च नको. भाव वाढेल म्हणून ज्या खोलीत कापूस भरून ठेवता, तिथे गा. भिंतीवरून आवाज परततच नाही. खाज सुटते बाप्पा, तेवढी सोसायची! कापूस विकला की गाद्या-रजया उभ्या कर. मे महिन्यात पंखा बंद करून गाणं होत नाही, तेव्हा फक्त लिही.

खंजिरी वाजवतोस म्हणालास. तुकडोजी महाराजांमुळे ती आपल्याकडे गावोगावी आहे, पण तिच्या झांजा माइकला टोचतात. दोन हात लांब, तिरकी धर आणि आवाजाबरोबर नको, वेगळ्या ट्रॅकवर घे.

आता ज्याकडे कोणी लक्ष देत नाही ते. प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल म्हणून दोन डिस्कवर ठेव, एक डिस्क दुसऱ्याच्या घरी. माझ्या जुन्या कॅसेटपैकी ज्या पत्र्याच्या पेटीत उन्हाळे काढत होत्या, त्या वाकल्या. कपाटातल्या अजून वाजतात.

कागदही सांभाळ. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, तिन्हींचे हक्क तुझे असतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. शब्द-चालीचा हक्क तुझ्यानंतर 60 वर्षं टिकतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशनापासून 60. कॅसेटच्या काळात एका दुकानदाराने मला मानधनाऐवजी कॅसेटचा गठ्ठा दिला आणि 'सर्व हक्क' लिहिलेल्या कागदावर सही मागितली. मी गठ्ठा घेतला, सही केली नाही. आज तीच गाणी मी माझ्या नावाने ऑनलाइन टाकतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही, तरी सही करण्याआधी कागद पूर्ण वाच.

पहिलं गाणं झालं की रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) न लावता इथे टाक. आधी शब्द ऐकू दे, मग मिक्सिंगचं बोलू.