पहाटे साडेपाचचा डबा

ताई, मी सांगलीत सरकारी नोकरीत सिस्टर आहे. १९९७ ला लागले, आता वय ५१. मागच्या महिन्यात नाइटला अकरा नंबरचे आजोबा गेले. महिनाभर वॉर्डात होते. मी सगळं केलं, नातेवाइकांना सांगितलं, कागद भरले, हात धुतले आणि पहाटे साडेपाचला डबा उघडून भाकरी खाल्ली. चवीनं खाल्ली. जोडीची नवीन सिस्टर लिनन रूममध्ये रडत होती, माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मी दगड झाले का? घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही. राजीनामा द्यावा म्हणते. त्यात मुलगी हट्टाला पेटलीय, बी.एस्सी. नर्सिंगच करणार. तिला कसं अडवू?
– एक सिस्टर, सांगली

सिस्टर,

(ताई म्हणणार होते, पण अठ्ठावीस वर्षं ज्या हाकेला ओ दिलीत तीच बरी.)

तुमचं पत्र चार पानी आहे, वर थोडंच छापलंय. उरलेल्यात त्या आजोबांचं नाव नाही. पण चहात साखर कमी पडली की ते कप नुसता पुढं सरकवून ठेवायचे, हे आहे. कवळी रुमालात बांधून उशीखाली ठेवायचे, हेही आहे. आणि ते गेल्यावर हनुवटीला पट्टी बांधायच्या आधी तुम्ही ती कवळी शोधून त्यांना बसवलीत, कारण ‘मुलगा बघणार होता’. हे वाचल्यावर तुमच्या त्या दगडाच्या प्रश्नाला मी वेगळं उत्तर देत बसणार नाही.

भाकरीचं म्हणाल, तर रात्री साडेआठला ड्युटीवर आलात आणि साडेपाचला डबा उघडलात. मधले नऊ तास बेचाळीस पेशंट आणि तुम्ही दोघी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष साध्या रुग्णालयालासुद्धा पाच पेशंटमागे एक नर्स सांगतो. तुमच्या वाट्याला एकवीस आले. भूक लागली होती, दुसरं काय!

मला घोर लागला तो तिसऱ्या पानावरच्या एका ओळीचा. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, गावभागातल्या तुमच्या घरात ओट्यापर्यंत पाणी, आणि बदलीची सिस्टर पोचू न शकल्यानं तुम्ही तीन दिवस वॉर्डातच. चौथ्या दिवशी घरी आलात तर मिस्टरांनी विचारलं, ‘तू कुठं होतीस?’ तुम्ही काहीच बोलला नाहीत, झाडू घेऊन गाळ काढायला लागलात. पुढच्या मार्चमध्ये कोरोना आला, पीपीई किट आलं, आणि तो प्रश्न तसाच राहिला. दुखणं इथलं आहे असं मला वाटतं. अकरा नंबरच्या आजोबांनी फक्त खपली काढली.

मिस्टरांची बाजूही बघा. म्हातारी आई, सिलिंडर आणि दहावीतली मुलगी त्या माणसानं एकट्यानं वरच्या मजल्यावर नेली. घाबरले असणार. पुरुषाला ‘घाबरलो’ म्हणता येत नाही, मग ‘कुठं होतीस’ असं बाहेर पडतं. त्यांना वॉर्डातल्या गोष्टी सांगायला जाऊ नका, त्या त्यांना पेलायच्या नाहीत. त्या तीन दिवसांबद्दल मात्र बोला. तुम्हीच सुरुवात करा, मानपान नंतर.

वॉर्डातलं सांगायला दुसरं माणूस लागतं, आणि ते तुमच्या जवळच असणार. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ काढलं तेव्हापासून आपल्याकडं गल्लीत एखादी तरी रिटायर्ड सिस्टर असतेच. दुपारी तिच्याकडं चहाला जा. तिला ‘ओव्हर’ म्हणजे काय, ‘सी-ऑफ’ म्हणजे काय हे समजावत बसावं लागणार नाही. माझी मावशी अशीच होती. तिच्याकडं दोघी-तिघी यायच्या, दार लावून घ्यायच्या, आणि आतून रडण्यापेक्षा हसणंच जास्त ऐकू यायचं. काय विनोद असायचे ते इथं छापता येणार नाहीत.

आता राजीनामा. हा शब्द कागदावर लिहूच नका. सरकारी नोकरीत राजीनामा दिला की मागची सेवा बुडते आणि तिच्याबरोबर पेन्शनही. जायचंच असेल तर स्वेच्छानिवृत्ती घ्या. वीस वर्षांची सेवा तुमची कधीच झालीय, तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात, म्हणजे जुनी पेन्शन. पण तोही अर्ज आत्ता नको. नाइट करून आलेल्या माणसानं कुठलाच अर्ज लिहू नये. अर्जित रजा तीनशे दिवसांच्या वर साठत नाही, तुम्ही त्याच्या जवळ पोचला असाल. महिनाभर टाका. इनचार्ज तोंड वाकडं करतील, करू देत. परत आल्यावरही जावंसं वाटलं तर खुशाल जा, त्यात कमीपणा नाही.

मुलीला अडवू नका, पण फसवूही नका. तासगाव स्टँडवर ‘सिस्टर, ओळखलं का?’ म्हणत द्राक्षांची पेटी हातात देणारा तो पोरगा तिला ठाऊक आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिला पाय सुजलेले दाखवा, पगाराची स्लिप दाखवा, सुट्टी नसलेल्या दिवाळ्या मोजून दाखवा. वर गाळाची गोष्ट सांगा, तीही होतीच की वरच्या मजल्यावर. एवढं बघून सवरून ‘तरीही’ म्हणाली, तर फॉर्म भरायला सोबत जा.

एक राहिलं. लिनन रूममधल्या त्या पोरीला डब्यातलं काही दिलंत का, हे चार पानांत कुठंच नाही. तेवढं कळवा.