मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका, आधी तपासणी करा

ताई, तुम्ही लिहिलंय की रामबागेत राहणाऱ्या तुमच्या आई ७१ वर्षांच्या आहेत, दीड वर्षापासून अंधुक दिसतंय, शेजारच्या काकू म्हणतात अजून पिकला नाही, थंडीत बघू, आणि तोवर कुणीतरी सांगितलेले थेंब चालू आहेत. मी म्हणेन याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ऑपरेशन करायचं की नाही ते नंतर ठरवा, पण तपासणी आधी.

एवढ्या घाईने सांगतेय कारण माझ्या सासऱ्यांचं हेच झालं. अंधुक दिसतंय म्हणजे मोतीबिंदूच, असं आम्ही घरातच ठरवून टाकलं आणि दोन वर्षं पिकू दे, पिकू दे करत बसलो. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांचं प्रेशर मोजलं तर दोन्ही डोळ्यांत काचबिंदू पण निघाला. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग, ते काढून नवीन बसवलं, समोरचं छान दिसायला लागलं, पण काचबिंदूने कडेची नजर गेली ती गेलीच, ती परत येत नाही. आजही राजवाड्याकडे चालताना बाजूने आलेली रिक्षा अगदी अंगावर येईपर्यंत त्यांना कळत नाही, मी हात धरूनच चालते. आपण घरी बसून दोन्हीतला फरक ओळखू शकत नाही हो.

काकूंचं म्हणणं त्यांच्या काळात बरोबरच होतं. तेव्हा आख्खं भिंग काढायचे, आत दुसरं बसवत नव्हते, मग जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, म्हणून अगदीच दिसेनासं होईपर्यंत थांबायचे. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी, पण ते आपल्याकडे सरसकट व्हायला खूप वर्षं गेली. आता फेको नावाच्या ऑपरेशनमध्ये अडीच-तीन मिलीमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेतात आणि तिथूनच घडीचं नवीन भिंग आत सरकवतात. जास्त पिकलेलं भिंग कडक होतं, फोडायला त्रास होतो, आणि कधीकधी त्यानेच प्रेशर वाढून डोळा लाल होऊन भयंकर दुखतो. ऋतूचा काही संबंध नाही. आणि थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, ते बंद करा, बाटली मात्र डॉक्टरांना दाखवा, त्यात स्टेरॉईड असेल तर त्याने उलट मोतीबिंदू आणि प्रेशर दोन्ही वाढतात.

माझ्या आईचं लक्षात आलं ते तांदळामुळे. निवडलेल्या तांदळात खडे राहायला लागले, मग रात्री समोरच्या गाडीचे लाईट फुटल्यासारखे दिसायचे, चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला. मध्येच चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागली तर आम्ही खूश, नजर सुधारली म्हणून! पण ते पण मोतीबिंदूचंच लक्षण असतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती पलंगावर बसून कितीतरी वेळ एकदा हा डोळा झाकायची, एकदा तो, आणि म्हणाली अगं ही भिंत या डोळ्याने पांढरी दिसते आणि त्याने पिवळी. इतकी वर्षं ती सगळं चहाच्या पाण्यातून बघत होती, कुणाला कळलंच नाही.

ऑपरेशन साधारण पंधरा-वीस मिनिटांचं, भूल फक्त डोळ्यापुरती, त्याच दिवशी घरी. शुगर असेल तर आधी आटोक्यात आणा आणि डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. घरात कुणी प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन नावाची गोळी घेत असेल आणि त्यांचं ऑपरेशन असेल तर सर्जनला आधी सांगायलाच हवं, बाहुली नीट मोठी होत नाही त्याने. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं महागडं मल्टिफोकल भिंग घेतलंच पाहिजे असं नाही, एकाच अंतराच्या साध्या मोनोफोकलने लांबचं उत्तम दिसतं, वाचायला चष्मा लागतो एवढंच. नंतर महिना-दीड महिना थेंब वेळेवर, डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही. दुखणं किंवा लाली वाढली, किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठा, आत इन्फेक्शन झालं तर तास मोजावे लागतात.

पैशांचं म्हणाल तर सरकारी हॉस्पिटलात हे ऑपरेशन होतं, आणि २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो, तेव्हा कार्ड काढून ठेवा आणि तुमच्या हॉस्पिटलात ते कशाला चालतं ते आधी विचारून घ्या.

तपासणीला जाताना जुने चष्मे आणि चालू गोळ्या सोबत न्या. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, मग काही तास धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे आईंना स्कूटीवर मागे बसवून नेऊ नका, रिक्षा करा, आणि गॉगल ठेवा पर्समध्ये.