बाहेरचा चार्ज मोजत का नाहीत?

(कॉलेजच्या पातळीवरचं वीज-चुंबकत्व शाळेच्या वयात शिकणाऱ्यांच्या शंका. उत्तरं देणाऱ्या बाई हाच कोर्स बावीस वर्षं शिकवत आहेत.)

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमचा कोर्स घेतला आहे. गाउसचा नियम सांगतो, की बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स, म्हणजे त्यातून जाणाऱ्या विद्युत फील्डचं माप, आतल्या चार्जच्या प्रमाणात असतो. त्यावरची गणितं सुटतात, उत्तरंही बरोबर येतात. पण पृष्ठभागाच्या बाहेर असलेला चार्ज आपण मोजतच नाही. मग त्याचं फील्ड जातं कुठे? वर्गात विचारलं तर 'नियमच तसा आहे' एवढंच उत्तर मिळालं.

उत्तर : कुठेही जात नाही. ते पृष्ठभागावर जागोजागी हजर असतं. तुझी शंका अगदी रास्त आहे. ती मनात दाबून पुढे गेलेली मुलं कपॅसिटरपाशी (चार्ज साठवून ठेवणाऱ्या घटकापाशी) येऊन अडकतात, हे मी दर वर्षी बघते.

पेन्सिल घे. कागदाच्या डावीकडे एक धन चार्ज काढ आणि त्यातून चहूकडे निघणाऱ्या रेषा काढ. उजवीकडे, चार्जपासून जरा लांब, एक बंद वर्तुळ काढ. हा तुझा पृष्ठभाग. आता वर्तुळात शिरणाऱ्या रेषा मोज, मग बाहेर पडणाऱ्या मोज. जितक्या शिरल्या तितक्याच बाहेर पडल्या, कारण रेषा सुरू व्हायला किंवा संपायला आत काहीच नाही. शिरणारा फ्लक्स ऋण धरतो, निघणारा धन, म्हणून बेरीज शून्य. शून्य झाली ती बेरीज, फील्ड जिथल्या तिथे आहे. समीकरणात डाव्या बाजूला जे फील्ड लिहितेस ते आतल्या आणि बाहेरच्या सगळ्या चार्जेसचं मिळून असतं. उजव्या बाजूला मात्र फक्त आतला चार्ज येतो, कारण बाहेरच्यांचा हिशेब डावीकडेच फिटून जातो.

काही वर्षांपूर्वी मी परीक्षेत विचारलं होतं: एका चार्जच्या शेजारी एक रिकामा काल्पनिक घन आहे, त्याच्या एका कोपऱ्यावर फील्ड किती? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, 'आत चार्ज नाही म्हणून शून्य.' कूलोंबच्या नियमाचं, म्हणजे एका चार्जचं फील्ड अंतराच्या वर्गाने घटतं या नियमाचं, साधं गणित होतं ते. चूक माझी होती. त्या वर्षी मी फ्लक्सचं चित्र घाईघाईने उरकून थेट गणितांना हात घातला होता. तेव्हापासून या धड्याचे पहिले दोन तास मी फळ्यावर सूत्र लिहीत नाही, नुसत्या रेषा काढते.

आणखी एक गोष्ट पक्की कर. गाउसचा नियम कुठल्याही बंद पृष्ठभागाला लागू आहे, पण त्यातून फील्ड शोधून काढता येतं ते बहुधा तीनच आकारांत: गोल, लांबच लांब सिलिंडर आणि अफाट पसरलेली सपाट पाटी. तिथे सममितीमुळे फील्ड पृष्ठभागावर सारखंच आहे हे आधीच कळतं, म्हणून ते इंटिग्रलच्या बाहेर काढता येतं. आखूड दांडी दिली की हा मार्ग बंद. मग कूलोंबकडे जायचं आणि तुकड्या-तुकड्याचं फील्ड जोडत बसायचं.

समजलंय का हे पाहायला हे करून बघ. घनाच्या बरोबर मध्यभागी चार्ज असेल तर प्रत्येक बाजूतून एकूण फ्लक्सचा सहावा हिस्सा जातो, हे सोपं आहे. आता तोच चार्ज घनाच्या एका कोपऱ्यावर ठेव. त्याला पूर्ण वेढायला असे आठ घन लागतात, म्हणून तुझ्या घनाच्या वाट्याला आठवा हिस्सा येतो. चार्जला चिकटलेल्या तीन बाजूंतून काहीच जात नाही, कारण रेषा त्या बाजूंना घासून निघतात. उरलेल्या तिघींना प्रत्येकी चोविसावा हिस्सा. एकही इंटिग्रेशन लागलं नाही.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. त्याला हा कोर्स घ्यायचाच आहे, पण कॅल्क्युलस त्याने याच वर्षी सुरू केलं आहे. दोन्ही एकदम झेपेल का? गणित कच्चं राहिलं तर फिजिक्सची गोडीच जाईल अशी आम्हाला भीती वाटते.

उत्तर : तुमची भीती खरी आहे, पण मला काळजी कॅल्क्युलसची कमी आणि मेकॅनिक्सची जास्त वाटते. व्हेक्टर, कार्य-ऊर्जा आणि न्यूटनचे नियम हातात बसलेले नसतील तर हा कोर्स वर्षभर थांबू द्या. हे मी अगदी ठामपणे सांगते. पोटेन्शियल (दर एकक चार्जमागची ऊर्जा) म्हणजे काय हे कार्य-ऊर्जा कळल्याशिवाय उमगत नाही, आणि मॅग्नेटिझममध्ये क्रॉस प्रॉडक्ट (दोन व्हेक्टरांचा एक प्रकारचा गुणाकार) पावलोपावली लागतो.

कॅल्क्युलस मात्र लागतं तेवढं थोडं आहे: बदलाचा दर म्हणून डेरिव्हेटिव्ह, बारीक तुकड्यांची बेरीज म्हणून इंटिग्रल, आणि एका साध्या प्रकारचं डिफरन्शियल समीकरण. हे शेवटचं सर्किटपर्यंत लागत नाही. तोवर कॅल्क्युलसचा वर्ग बराच पुढे गेलेला असतो.

घेण्याआधी त्याला एक प्रश्न द्या. एका कड्यावर चार्ज सारखा पसरला आहे. कड्याच्या मध्यातून आरपार जाणाऱ्या अक्षावर फील्ड कसं असेल? सूत्र नको, फक्त चित्र आणि बोलणं. समोरासमोरच्या तुकड्यांचे आडवे ओढ एकमेकांना खोडतात हे त्याला दिसायला हवं. केंद्रात फील्ड शून्य, फार दूर गेलं की पुन्हा शून्याकडे, म्हणजे मधे कुठेतरी ते सर्वांत जास्त असणार, इथपर्यंत तो स्वतः पोचला तर बिनधास्त घेऊ द्या. ती जागा त्रिज्येच्या सुमारे ०.७ पट अंतरावर येते. ते डेरिव्हेटिव्ह घेऊन तो पुढे काढेलच.

वीज-चुंबकत्वावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ मायकल फॅरेडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करत वाढला. त्याला वरचं गणित येत नव्हतं. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून पाहिलं, की एकीची बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसरीकडची चुंबकीय सुई हलते, मधल्या वेळात मात्र स्थिर राहते. प्रवाह असणं पुरत नाही, तो बदलावा लागतो, हे त्याने रेषांच्या भाषेत ओळखलं. पण म्हणून गणिताला सुट्टी देता येत नाही. पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्याच रेषा समीकरणांत बसवल्या आणि १८६५ च्या निबंधात त्यांतून प्रकाशाच्या वेगाशी जुळणारा वेग निघाला. नुसत्या पेन्सिलीने तो आकडा निघाला नसता. मुलाला दोन्ही शिकू द्या, चित्र आधी.

प्रश्न : कपॅसिटर डिस्चार्ज होताना सूत्रात 'ई' (सुमारे २.७१८ हा आकडा) कुठून येतो? आणि हे प्रत्यक्ष बघता येईल का?

उत्तर : कपॅसिटरवर जितके व्होल्ट उरले असतील तितक्या प्रमाणात प्रवाह वाहतो, म्हणजे उरलं तितक्या प्रमाणातच पुढचं कमी होतं. जे स्वतःच्याच प्रमाणात घटतं, तिथे 'ई' येतोच.

बघणं सोपं आहे. १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त रेटिंगचा कपॅसिटर, १०० किलोओमचा रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, मल्टीमीटर आणि घड्याळ. हा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतो, त्याचं वजा टोक बॅटरीच्या वजा टोकालाच जोड. उलटा जोडला तर तो फुटू शकतो. चार्ज करून बॅटरी काढ, मग रेझिस्टर आणि मीटर कपॅसिटरच्या दोन टोकांना जोड आणि दर २० सेकंदांनी आकडा लिही. कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्या आकड्यांचा गुणाकार १०० सेकंद आहे, म्हणून १०० सेकंदांनी सुमारे ३.३ व्होल्ट, २०० ला १.२, ३०० ला ०.४५ असं यायला हवं. व्होल्टचा लॉग घेऊन वेळेसमोर मांड, सरळ रेषा येईल आणि तिच्या उतारावरून तो १०० सेकंदांचा काळ काढता येईल.

तुझा आकडा १०० ऐवजी ११५ किंवा ८८ आला तर प्रयोग फसला असं समजू नकोस. अशा कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात २० टक्क्यांपर्यंत फरक असणं नेहमीचं आहे. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओम असेल तर त्याच्यामुळे जेमतेम एक टक्का इकडे-तिकडे होतो. रेषा सरळ आली का, ते आधी बघ.