फायरफॉक्सचे हरवलेले टॅब: आधी फोल्डरची कॉपी, मग बाकीचे उपाय

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. विंडोज संगणकावर फायरफॉक्सच्या दोन विंडोंमध्ये मिळून दीडशेहून अधिक टॅब कित्येक महिने उघडे होते. रात्री वीज गेल्याने संगणक अचानक बंद पडला आणि सकाळी फायरफॉक्स एकाच कोऱ्या पानासह उघडला. हिस्टरी मेनूतला 'रिस्टोअर प्रीव्हियस सेशन' हा पर्याय फिकट दिसतो, त्यावर क्लिक होत नाही, आणि कोणीतरी आपल्याला फायरफॉक्स काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला दिला आहे. तो सल्ला तूर्त बाजूला ठेवावा. अशा वेळी टॅबची यादी बहुधा डिस्कवर शिल्लक असते; ती खरोखर नष्ट होते ती नंतरच्या घाईत, म्हणजे 'बघू आता येतात का' म्हणून ब्राउझर चार वेळा बंद-चालू करण्यात.

असे का होते हे समजले की पुढच्या पायऱ्या आपोआप सुचतात. फायरफॉक्स चालू असताना दर १५ सेकंदांनी, काही बदल झाला असल्यास, सर्व विंडो आणि टॅबची स्थिती प्रोफाइल फोल्डरमधल्या (आपले टॅब, बुकमार्क, पासवर्ड वगैरे ठेवणाऱ्या फोल्डरमधल्या) 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' या उपफोल्डरात 'रिकव्हरी' नावाच्या फाइलीत लिहितो आणि तिची आधीची प्रत त्याच नावाने पण 'बॅकएलझेड४' असे शेपूट (एक्स्टेन्शन) लावून शेजारी ठेवतो. ब्राउझर रीतसर बंद केला की शेवटची स्थिती प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरात 'सेशनस्टोअर' नावाने लिहिली जाते आणि रिकव्हरीच्या दोन्ही फाइली काढून टाकल्या जातात. पुढच्या वेळी ब्राउझर सुरू झाल्यावर ही 'सेशनस्टोअर' फाइल उपफोल्डरात जाऊन 'प्रीव्हियस' होते आणि तिथली जुनी 'प्रीव्हियस' पुसली जाते. म्हणजे प्रत्येक रीतसर बंद-चालूगणिक एक पिढी मागे सरकते आणि सर्वांत जुनी बाहेर पडते. कोरे पान घेऊन उघडलेला ब्राउझर दोनदा बंद-चालू केला, तर 'प्रीव्हियस'मध्येही कोरे पानच उरते.

म्हणून पहिले काम एकच: आत्ता फायरफॉक्स चालू असेल तर तो चालूच ठेवून त्या फोल्डरची कॉपी करणे. हेल्प मेनूतून 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' हे पान उघडावे. त्यातल्या तक्त्यात 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ असते आणि तिच्यासमोर 'ओपन फोल्डर' हे बटण असते. उघडलेल्या फोल्डरातून 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' हा संपूर्ण उपफोल्डर, आणि शेजारी 'सेशनस्टोअर' फाइल दिसत असेल तर तीही, डेस्कटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. त्यानंतर ब्राउझर बंद करावा आणि संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची आणखी एक कॉपी वेगळ्या नावाने करावी. दोनदा कॉपी करणे वेडगळपणाचे वाटेल, पण बंद करण्याच्या क्षणीच रिकव्हरी फाइली जातात, त्यामुळे बंद करण्यापूर्वीची आणि नंतरची स्थिती वेगवेगळी असते आणि दोन्ही हाताशी असलेल्या बऱ्या.

आता कॉपी केलेल्या फाइलींचा आकार आणि वेळ पाहावी. इथे आकार फार बोलका असतो. एका कोऱ्या पानाचे सेशन, म्हणजे उघड्या विंडो-टॅबची नोंद, मोजक्या किलोबाइटांत मावते. दीडशे टॅबचे सेशन, प्रत्येक टॅबचा मागे-पुढे जाण्याचा इतिहास धरून, कित्येक शे किलोबाइट किंवा त्याहूनही मोठे असते. 'रिकव्हरी', 'रिकव्हरी'ची जुनी प्रत, 'प्रीव्हियस' आणि 'अपग्रेड' या सर्वांमध्ये जी फाइल इतरांपेक्षा ठळकपणे मोठी दिसेल तिच्यात आपले टॅब असण्याचा संभव सर्वाधिक. वीज नेमकी लिहिण्याच्या क्षणी गेली असेल तर एखादी फाइल शून्य बाइटची किंवा अर्धवट सापडते. जुनी प्रत शेजारी ठेवण्याची योजना याचसाठी केलेली आहे.

'अपग्रेड' नावाच्या फाइलींकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि आपल्यासारख्या महिनोन्‌महिने टॅब उघडे ठेवणाऱ्यांसाठी त्याच सर्वांत मोलाच्या असतात, असे माझे मत आहे. फायरफॉक्सची आवृत्ती बदलते तेव्हा त्या वेळच्या सेशनची एक प्रत वेगळी काढून ठेवली जाते आणि अशा अलीकडच्या तीन प्रती शिल्लक राहतात. नावाच्या शेवटी चौदा आकडी संख्या असते. तिच्यातले पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात, मात्र ती तारीख ब्राउझरची ती आवृत्ती तयार झाल्याची असते, आपल्या टॅबची नव्हे. रोजच्या बंद-चालूचा या प्रतींवर परिणाम होत नाही. गेल्या आठवड्यात उघडलेले टॅब त्यात मिळणार नाहीत, पण तीन महिन्यांपूर्वी उघडून ठेवलेले मिळण्याची आशा नक्की धरावी.

योग्य फाइल सापडली की ती चालू प्रोफाइलमध्ये टाकून पाहण्याऐवजी मी नवे प्रोफाइल करण्याचा आग्रह धरेन. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', मग विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि 'प्रोफाइल्स' असे रोमन अक्षरांत लिहिले की प्रोफाइलांची यादी उघडते. तिथे नवे प्रोफाइल तयार करावे, ते एकदा उघडून बंद करावे आणि त्याच्या मुख्य फोल्डरात निवडलेल्या फाइलीची कॉपी ठेवून तिचे नाव बदलून रोमन अक्षरांत 'सेशनस्टोअर' असे करावे. शेपूट 'जेसनएलझेड४' हेच राहिले पाहिजे. 'अपग्रेड'च्या नावात शेपटानंतर जो आकडा असतो तो काढून टाकावा लागतो. विंडोज काही प्रकारांची शेपटे लपवून ठेवतो, तेव्हा एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून ती दिसतील अशी व्यवस्था आधी करावी, नाहीतर नाव बदलल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात शेपटावर शेपूट चढते. मग ते प्रोफाइल सुरू करून हिस्टरी मेनूतला 'रिस्टोअर प्रीव्हियस सेशन' निवडावा. कधी त्याऐवजी टॅबची यादी असलेले एक पान येते आणि प्रत्येक टॅबपुढे टिचकीची चौकट असते. तेही चांगलेच, कारण नको ते टॅब तिथेच वगळता येतात. टॅब आले की कंट्रोल, शिफ्ट आणि डी ही बटणे एकत्र दाबून ते सर्व एका फोल्डरात बुकमार्क करावेत, दुसऱ्या विंडोसाठी तेच पुन्हा करावे, आणि बुकमार्कची निर्यात करून मूळ प्रोफाइलमध्ये आणावी.

या मार्गाने काहीच उघडले नाही, पण फाइल मोठी आहे, तर ती फाइल वाचून पत्ते बाहेर काढता येतात. तिचे पहिले आठ बाइट ही मोझिलाची ओळखखूण असते, पुढचे चार बाइट मूळ आकार सांगतात आणि त्यानंतर एलझेड४ पद्धतीने दाबून बसवलेला मजकूर असतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे एलझेड४ मॉड्यूल टाकलेले असेल तर पहिले आठ बाइट वगळून उरलेला भाग त्याच्या 'ब्लॉक' विभागातील डीकम्प्रेस फंक्शनला दिला की साधा जेसन मजकूर मिळतो. त्याची रचना सरळ आहे: विंडो, विंडोत टॅब, टॅबमध्ये नोंदी. एका टॅबमध्ये आपण पुराभिलेखाच्या सूचीपानावरून तीन दुव्यांवर गेला असाल तर त्या टॅबच्या चार नोंदी असतात, आणि त्यांपैकी डोळ्यांसमोर कोणती होती हे 'इंडेक्स' हा आकडा सांगतो, जो शून्यापासून नव्हे तर एकपासून मोजला जातो. हे न पाहता मजकुरातले सगळेच पत्ते उपसले तर दीडशेऐवजी हजारभर पत्त्यांचा ढीग हाती येतो. बंद केलेल्या टॅबची आणि विंडोंची यादीही याच फाइलीत वेगळी असते. वीज जाण्यापूर्वी एखादी विंडो चुकून आधीच बंद झाली असेल तर ती तिथे सापडते. फायरफॉक्स चालू असताना हिस्टरी मेनूतल्या 'रीसेंटली क्लोज्ड विंडोज' खाली जे दिसते ते हेच.

अशी फाइल उलगडून देणारी संकेतस्थळेही आहेत, पण कोणत्याही अनोळखी ठिकाणी ही फाइल चढवू नये. तिच्यात पत्त्यांबरोबरच फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर आणि चालू लॉगिनच्या सेशन कुकीही असू शकतात. त्या कुकी ज्याच्या हाती पडतील त्याला पासवर्ड न विचारता आपल्या खात्यात शिरता येणे शक्य असते.

या सगळ्याआधी, किंवा निदान बरोबरीने, एक शक्यता तपासावी: आपण मुळात वेगळ्याच प्रोफाइलमध्ये तर नाही ना? २०१९ सालच्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सची प्रत्येक स्थापना स्वतःचे प्रोफाइल वापरते, त्यामुळे ब्राउझर दुसऱ्या फोल्डरात पुन्हा टाकला की नवे कोरे प्रोफाइल तयार होते आणि टॅबच नव्हे तर बुकमार्क व पासवर्डही गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात जुने प्रोफाइल जागच्या जागी असते आणि मघाच्याच प्रोफाइलांच्या यादीतून उघडता येते. आपले बुकमार्क जागेवर असतील तर हा प्रकार नाही असे समजावे. फायरफॉक्स काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला मला नको वाटतो तो याच कारणाने, कारण त्यातून हरवलेले काही मिळत नाही, फक्त आणखी एक प्रोफाइल शोधण्याचे काम वाढते. फायरफॉक्स 'रिफ्रेश' केल्यास, म्हणजे मूळ स्थितीत आणल्यास, जुना माल डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' या फोल्डरात जातो, हे कोणी आधीच तसे करून बसले असेल तर लक्षात ठेवावे. सेटिंग्जमध्ये 'फायरफॉक्स बंद होताना हिस्टरी पुसा' असा पर्याय चालू नाही ना, हेही पाहावे. तो चालू असेल तर रीतसर बंद केलेले सेशन कधीच परत येत नाही, आणि प्रायव्हेट विंडोतले टॅब तर कोणत्याच फाइलीत नोंदले जात नाहीत.

आपण फोनवरही त्याच खात्याने फायरफॉक्स सिंक वापरत असाल तर फोनवर संगणकाच्या टॅबची शेवटची यादी दिसते. पण संगणकाने कोरी यादी पाठवली की ही जुनी यादी बदलते. म्हणून फोनचे इंटरनेट बंद करून आधी ती यादी पाहावी आणि स्क्रीनशॉट काढून ठेवावेत.

हिस्टरीतून टॅब शोधताना लोकांची एक गफलत नेहमी होते. 'काल' किंवा 'गेल्या आठवड्यात' असा विभाग उघडून शोधले तर बरेच टॅब दिसत नाहीत, आणि मग हिस्टरीही गेली असा समज होतो. फायरफॉक्स सुरू होताना जुने टॅब केवळ नावापुरते मांडतो, त्यांवर क्लिक होईपर्यंत पान उघडत नाही. म्हणून मे महिन्यात उघडलेल्या आणि नंतर हात न लावलेल्या टॅबची नोंद मे महिन्यातच असते. तारखेने शोधण्यापेक्षा विषयाचा शब्द किंवा संकेतस्थळाचे नाव टाकून शोधावे. सेशनच्या फाइली हाती लागल्या नाहीत तर हाच मार्ग उरतो. तो कंटाळवाणा आहे, पण फायरफॉक्स हिस्टरी ठरावीक दिवसांनी नव्हे तर नोंदींची संख्या फार वाढल्यावर छाटतो, म्हणून जुन्या गोष्टीही सापडतात.

विंडोजच्या 'फाइल हिस्टरी' या बॅकअपच्या सोयीवर फार विसंबू नये. ती मूळ मांडणीत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप यांसारखी ठिकाणे जपते, आणि फायरफॉक्सचे प्रोफाइल ज्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरात असते तो त्यात नसतो. मॅकवर टाइम मशीन ही बॅकअपची सोय चालू असेल तर वापरकर्त्याच्या 'लायब्ररी'तले प्रोफाइलही त्यात येते आणि काम बरेच सोपे होते. पुसलेल्या फाइली परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याची घाई करू नये, विशेषतः संगणकात एसएसडी असेल तर, कारण तिथे पुसलेली जागा संगणक स्वतःहून मोकळी करत असतो.

कार्यालयातल्या क्रोमबद्दलही आपण जाता जाता विचारले आहे. तिथे पिढ्या याहून कमी मिळतात आणि 'अपग्रेड'सारखी सोयही नाही. प्रोफाइलच्या 'सेशन्स' उपफोल्डरात 'सेशन' आणि 'टॅब्स' या शब्दांनी सुरू होणाऱ्या व पुढे लांब आकडा असलेल्या फाइली असतात. त्यांची कॉपी आधी करावी हा नियम तोच. या फाइली दाबून बसवलेल्या नसल्यामुळे साध्या नोटपॅडमध्ये उघडल्या तरी कचऱ्यासारख्या चिन्हांमध्ये पत्ते वाचता येतात. क्रोमची हिस्टरी मात्र ९० दिवसांपुरतीच राहते, त्यामुळे चार महिने उघडा राहिलेला आणि कधीच पुन्हा न पाहिलेला टॅब तिथे सेशनबरोबरच हातून जाऊ शकतो. तिथले महत्त्वाचे टॅब आजच बुकमार्क करून टाकावेत.

एवढे करूनही टॅब आले नाहीत तर 'सेशनस्टोअर-बॅकअप्स'मधल्या फाइलींची नावे, आकार आणि बदलाची वेळ एवढेच इथे लिहावे, तसेच बुकमार्क जागेवर आहेत की नाहीत आणि प्रोफाइलांच्या यादीत किती प्रोफाइले दिसतात हेही सांगावे. कोणती फाइल कामाची आहे हे त्यावरून बहुतेक वेळा ओळखता येते. फाइल स्वतः मात्र जोडू नये, मलाही नाही.