कोडे सुटत नाही, तरी चित्रपट आवडतो

प्रश्न : 'द बिग लेबोव्स्की' काहीजण डोक्यावर घेतात, काहींना त्यात कथाच सापडत नाही. असे का?

उत्तर : कोएन बंधूंच्या १९९८ सालच्या या चित्रपटात अपहरणाचा सारा गुंता अखेरीस फोल ठरतो, त्यामुळे रहस्याची उकल शोधणारा प्रेक्षक हिरमुसतो (पहिल्या खेपेला मीही हिरमुसलो होतो). चाहत्यांना मात्र झगा घालून दुकानात जाणारा आणि दुधासाठी ६९ सेंटचा धनादेश लिहिणारा नायक पाहायचा असतो; एका श्रीमंताशी असलेल्या नामसाम्यामुळे घरात शिरलेल्या गुंडांनी खराब केलेल्या गालिच्याची भरपाई मागायला तो त्या श्रीमंताकडे जातो आणि अपहरणाच्या भानगडीत अडकतो. संवादांची गंमत पुन्हा पाहतानाच अधिक उमगते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत (जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत) त्याचा समावेश झाला, तरी नाराजांचे म्हणणे मला अगदीच निराधार वाटत नाही.