दहा महिन्यांचं बाळ बोलतच नाही, मग त्याच्या डोक्यात भाषेचं काय चाललंय हे शास्त्रज्ञांना कळतं कसं?

बाळाला विचारता येत नाही, पण बाळ कंटाळतं. संशोधकांनी नेमका त्याचाच फायदा घेतला. १९७१ साली अमेरिकेत पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना तारेने यंत्राला जोडलेली चोखणी दिली. जोरात चोखलं की 'बा' ऐकू यायचा. थोड्या वेळाने बाळ कंटाळायचं, चोखणं मंदावायचं. मग गुपचूप 'पा' लावायचा. चोखणं पुन्हा वाढलं, म्हणजे फरक कळला!

माझा लाडका प्रयोग मात्र आपल्या त आणि ट चा. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात तो केला, १९८४ मध्ये छापून आला. बाळ आईच्या मांडीवर, स्पीकरवर हिंदीतला 'त, त, त'. मध्येच 'ट' आला आणि बाळाने मान वळवली की बक्षीस म्हणून खेळणं उजळून हलू लागायचं. आईच्या कानाला हेडफोन, नकळत तिने इशारा देऊ नये म्हणून. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या मोजक्याच बाळांना कळला. हिंदी घरातल्या बाळांना त्या वयातही कळत होता.

माझ्या एका कॅनेडियन सहकाऱ्याला मी दहादा 'ताक' आणि 'टाक' म्हणून दाखवलं. 'दोन्ही सेम,' म्हणून बिचारा हसला. त्याच्या कानांनी ही फाईल पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच बंद केली होती.

मेंदूत थेट डोकावायचीही सोय आहे. २००३ मध्ये इटलीत नवजात बाळांच्या डोक्यावर अवरक्त प्रकाशाचे सेन्सर लावून पाहिलं. नेहमीच्या बोलण्याला मेंदूच्या डाव्या बाजूने जास्त प्रतिसाद दिला. तीच टेप उलटी वाजवली तेव्हा तितका नाही.

त्याच वर्षीचा पॅट्रिशिया कूल यांचा प्रयोग आजी-आजोबांना जरूर सांगा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी माणसं समोर बसून बारा वेळा खेळली-बोलली, तर बाळांना चिनी ध्वनी ओळखता येऊ लागले. तेच टीव्हीवर दाखवलं, तर शून्य. (मोबाईल हातात देऊन 'इंग्लिश शिकतोय' म्हणणाऱ्यांनी काय ते समजावं.)

तुमचं बाळ दहा महिन्यांचं असेल, तर शब्द नसणं अगदी नेहमीचं आहे. 'बाबाबा', 'दादादा' चालतं ना? तेही नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर वाट न बघता कानांची तपासणी करून घ्या.