भाडेकरू दार उघडेना, गॅसची तारीख उलटली

प्रश्न (थोडक्यात): इंग्लंडमध्ये नोकरीला असताना स्लाऊमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. आम्ही पुण्याला परतलो आणि २०२३ पासून तो भाड्याने दिला आहे. भाडेकरू ओळखीतला, मराठीच आहे. बॉयलर आणि हॉब गॅसवर चालतात. शेवटचं गॅस सर्टिफिकेट १२ मार्च २०२५ चं आहे. यंदा मार्चपासून त्याला फोन करतोय, पण तो इंजिनिअरला तारीखच देत नाही. कधी घरून काम, कधी पाहुणे. एजंट म्हणतो, हे आमच्याकडे नाही. करारात ‘वार्षिक गॅस तपासणी भाडेकरूने करून घ्यावी’ असं कलम आहे. मग जबाबदारी त्याची ना? दुसरी किल्ली एजंटकडे आहे, ती वापरून इंजिनिअर आत पाठवू का? आणि त्याला काढून फ्लॅट विकायचा असेल तर?

उत्तर: तिकडे घर ठेवून इकडे परतलेल्यांकडून हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येतो, म्हणून तपासणी का लागते हे सांगण्यात जागा घालवत नाही. तुमचं प्रकरण एकाच गोष्टीवर ठरणार आहे: मुदत संपण्याआधीच्या, म्हणजे १२ जानेवारी ते १२ मार्च २०२६ या दोन महिन्यांत तुम्ही काय केलंत आणि त्यातलं कागदावर किती आहे.

ते कलम आधी विसरा. १९९८ च्या गॅस सेफ्टी (इन्स्टॉलेशन अँड यूज) रेग्युलेशन्समधल्या नियम ३६ ने मालकाच्या प्रत्येक गॅस उपकरणाची आणि धुराड्याची बारा महिन्यांच्या आत तपासणी करवून घेण्याचं काम घरमालकावर टाकलं आहे. करारात चार ओळी लिहून ते भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही. उलट उद्या गॅस सुरक्षेचे नियम राबवणाऱ्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे एचएसईच्या निरीक्षकाने करार मागितला, तर मालकाने ही व्यवस्था स्वतःकडे घेतलीच नव्हती असं हेच कलम बोलेल. हा मसुदा कुठून उचललात कुणास ठाऊक, पण बचाव म्हणून तो कुठेही पुढे करू नका.

बचाव आहे तो नियम ३९ मध्ये. उल्लंघन टाळण्यासाठी शक्य ती सगळी वाजवी पावलं उचलली होती हे मालकाने दाखवलं, तर तो दोषी ठरत नाही. दाखवायचं मालकाने. भाडेकरू आडमुठा आहे हे सांगून भागत नाही. तुम्ही काय केलंत ते मांडावं लागतं. एचएसईचे निरीक्षक साधारणपणे निदान तीन प्रयत्न झाले का ते पाहतात: दारावर चिठ्ठी, तपासणी कायद्याने बंधनकारक असून भाडेकरूच्याच सुरक्षिततेसाठी आहे हे सांगणारं पत्र, स्वतःच्या सोयीची वेळ ठरवण्याची त्याला दिलेली संधी. तीन हा काही मंत्र नाही, प्रयत्न वाजवी होते की नाही हे शेवटी कोर्ट ठरवतं. पण तुमच्याकडे आज एकही प्रयत्न असा नाही, जो टेबलावर ठेवता येईल. ओळखीचा माणूस म्हणून सगळं फोनवर चाललं, आणि फोनवरच्या गप्पांचं टिपण कुणी ठेवत नाही.

त्यात सुरुवातच मार्चमध्ये. ६ एप्रिल २०१८ पासून नियमांत ३६अ आलं, ते नेमकं अशा भाडेकरूंसाठीच आहे असं समजा. मुदत संपण्याआधीच्या दोन महिन्यांत कधीही तपासणी केली, तरी पुढच्या वर्षीची अंतिम तारीख जुनीच राहते. म्हणजे १५ जानेवारीला तपासणी झाली असती, तरी पुढची मुदत १२ मार्च २०२७ हीच राहिली असती. लवकर केल्याने दिवस वाया जातात म्हणून लोक शेवटच्या आठवड्याची वाट पाहत, ते कारणच कायद्याने काढून टाकलं आहे. ते दोन महिने तुम्ही हातचे घालवलेत. आता जी तपासणी होईल, तिच्या तारखेपासून नवे बारा महिने सुरू होतील आणि मधला उल्लंघनाचा काळ तसाच राहील. इंजिनिअरला मागची तारीख घालायला सांगू नका. धड इंजिनिअर ऐकणार नाही, आणि ऐकणारा मिळाला तर तुमची अडचण दुप्पट होईल.

झालेलं उल्लंघन पुसता येत नाही, पण आजपासूनचा कागद नीट उभा करता येतो. कारवाई करायची की नाही आणि केली तर किती कडक, यात मालक आत्ता काय करतोय याला वजन असतं, असं माझं मत आहे. शिक्षेची कमाल मर्यादा हलकी नाही: अमर्याद दंड, शिवाय तुरुंगवासही होऊ शकतो. उशिरा जाग आलेल्या प्रत्येक मालकावर खटला होतो असं नाही. पण त्या घरात कुणाला कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली, तर हे वाक्य तुमच्या उपयोगाचं नाही.

आज संध्याकाळी पहिलं पत्र लिहा. ईमेलने पाठवा आणि तेच पत्र एजंटकरवी किंवा तिथल्या मित्राकरवी फर्स्ट क्लास टपालानेही पाठवा. पोस्टाच्या खिडकीवर ‘सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ मागा, ते फुकट मिळतं. पत्र इंग्रजीत लिहा. भाडेकरूला मराठी येतं, न्यायाधीशाला येत नाही. पत्रात नियम ३६ चा उल्लेख, शेवटच्या तपासणीची तारीख आणि ती संपल्याची कबुली असू द्या. दोन ठरावीक वेळा द्या, त्यातली एक संध्याकाळची किंवा शनिवारची. दोन्ही गैरसोयीच्या असतील तर पाच दिवसांत स्वतःची वेळ कळवा, हे वाक्य हवंच. निदान २४ तासांची आगाऊ सूचना ठेवा, आणि इंजिनिअर पाऊण-एक तासात मोकळा होईल हेही सांगा. पुष्कळदा ‘घरून काम’ची अडचण एवढ्यानेच सुटते.

उत्तर आलं नाही तर पत्रात दिलेल्या वेळी इंजिनिअर खरोखर दारापर्यंत गेला पाहिजे. त्याने बेल वाजवावी, दारावर तारीख-वेळ घातलेली चिठ्ठी लावावी, तिचा फोटो काढावा आणि फुकट फेरीची पावती तुमच्या नावाने द्यावी. या फेरीचे पैसे वाचवायला जाऊ नका, सगळ्या फाइलमध्ये तटस्थ माणसाचा कागद हाच एक. दुसरं पत्र त्याच दिवशी. तिसरं साधारण आठवड्याने, आणि त्यात पुढची पायरी म्हणजे काउंटी कोर्टाकडून (तिथल्या दिवाणी कोर्टाकडून) इंजिनिअरला आत येऊ देण्याचा हुकूम (इंजंक्शन) आहे आणि त्याचा खर्च भाडेकरूकडून मागू, असं स्पष्ट लिहा. हे तीन आठवड्यांत उरकतं. तीन महिने लावू नका, मार्चपासून तेवढे गेलेच आहेत.

दुसऱ्या किल्लीचं उत्तर ‘नको’ असं आहे. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टचं कलम ११ घराची स्थिती पाहण्यासाठी २४ तासांच्या लेखी सूचनेवर प्रवेशाचा हक्क देतं आणि १९८८ च्या हाउसिंग अ‍ॅक्टचं कलम १६ दुरुस्तीसाठी. करारात वेगळं प्रवेशाचं कलम असेल तर उत्तमच, ते शोधून ठेवा. पण हक्क असणं वेगळं आणि भाडेकरू नको म्हणत असताना कुलूप उघडून आत शिरणं वेगळं. १९७७ च्या प्रोटेक्शन फ्रॉम एव्हिक्शन अ‍ॅक्टखाली छळाचा आरोप ओढवून घ्याल. ताळ्यावर आणण्यासाठी गॅस तोडण्याचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. तोही त्याच कायद्यात बसतो, शिवाय गरम पाणी आणि हीटिंगची यंत्रणा चालू ठेवण्याचं कलम ११ चं बंधन तुमच्यावर आहेच.

तिसऱ्या पत्रालाही दाद नसेल तर काउंटी कोर्टात दावा आणि त्यासोबत इंजंक्शनचा एन-१६ए अर्ज. सोबत तुमचं साक्षीपत्र आणि जोडपत्र म्हणून वरचे सगळे कागद. हा भाग तिथल्या सॉलिसिटरकडून करवून घ्या. तारीख कधी लागेल हे मी सांगू शकत नाही आणि प्रामाणिक सॉलिसिटरही सांगणार नाही. काउंटी कोर्टांची चाल कशी आहे हे तिथे राहून आलेल्यांना ठाऊक आहे. पण इथे ती दिरंगाई तुमच्या फारशी अंगावर येत नाही, कारण अर्ज दाखल झाल्याची तारीख हेच नियम ३९ खालचं सगळ्यात भक्कम पाऊल. बहुतेकदा कोर्टाचं पाकीट हातात पडलं की दार उघडतंच.

दार उघडलं की काम एकाच फेरीत व्हावं याची तयारी ठेवा. इंजिनिअर गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅस इंजिनिअरांच्या अधिकृत यादीत नोंदलेलाच हवा. २००९ पासून कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी तेच आहे. लोक अजून गॅस सर्टिफिकेटला ‘सीपी-१२’ म्हणतात, तो कॉर्गीच्या काळातला फॉर्म. ओळखपत्राची मागची बाजू पाहायला सांगा, तो कुठल्या प्रकारच्या उपकरणांवर काम करू शकतो ते तिथे छापलेलं असतं. मीटर प्रीपेमेंटचा असेल तर त्यात पैसे आहेत याची खात्री करा, कारण गॅसच नसेल तर बॉयलर पेटत नाही, दाब मोजता येत नाही आणि तपासणी अर्धवट राहते. बॉयलरच्या कपाटात सुटकेसी रचलेल्या असतील तर त्या आधी काढून ठेवायला सांगा. बॉयलरची सर्व्हिस वेगळी आणि ही तपासणी वेगळी. दोन्ही एकाच फेरीत मागा, पण सर्व्हिसची पावती म्हणजे सर्टिफिकेट नाही.

तुमची इमारत कधीची ते तुम्ही लिहिलेलं नाही. साधारण २००० नंतरच्या फ्लॅटमध्ये बॉयलरचं धुराडं बरेचदा छताच्या पोकळीतून बाहेरच्या भिंतीपर्यंत जातं. तसं असेल आणि पाइपाचे सांधे पाहायला छताला उघडता येणाऱ्या झडपा (झाकणं) नसतील, तर धुराडं शाबूत आहे की नाही हे इंजिनिअरला दिसत नाही. १ जानेवारी २०१३ पासून अशा बॉयलरला ‘अ‍ॅट रिस्क’ म्हणजे धोक्याचा ठरवून, राहणाऱ्याच्या परवानगीने तो बंद केला जातो. मग सुतार, झडपा, पुन्हा इंजिनिअर, आणि तोवर भाडेकरू गारठ्यात. मागच्या सर्टिफिकेटवर काय शेरा आहे तो आजच वाचा. ते तुम्ही उघडून तरी पाहिलं होतं का, अशी मला शंका आहे.

बॉयलर राहत्या खोलीत असेल तर तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये सक्तीचा आहे. गॅसच्या शेगडीला ही सक्ती नाही. त्याच फेरीत बसवून टाका.

एजंट बहुधा खरं बोलतोय. फक्त भाडेकरू शोधून देण्याचा करार असेल तर तपासणी त्याच्याकडे येत नाही. पूर्ण व्यवस्थापनाचा असेल तर गॅसचं काम कुणाकडे हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. तो कागद पाहिल्याशिवाय याहून जास्त बोलणार नाही.

आता विक्री. गॅस सर्टिफिकेट नाही म्हणजे घर रिकामं करवून घेता येत नाही, हे जे सर्रास ऐकू येतं ते सेक्शन २१ च्या, म्हणजे कारण न देता ताबा मागण्याच्या नोटिशीबद्दलचं आहे. त्यावर २०२० मध्ये ट्रेकॅरेल हाउस विरुद्ध राउन्सफील्डमध्ये अपील कोर्टाने मालकांना थोडी सवलतही दिली होती. पण रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५ मुळे १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये सेक्शन २१ च गेलं, त्यामुळे तो वाद तुमच्यापुरता संपला. आता सेक्शन ८ खाली ठरलेल्या यादीतलं कारण, म्हणजे ‘ग्राउंड’ द्यावं लागतं. विक्रीसाठी ग्राउंड १ए, चार महिन्यांची नोटीस. हे कारण भाड्याच्या पहिल्या वर्षात वापरता येत नाही, पण तुमचं भाडं २०२३ पासूनचं असल्याने ते बंधन आड येत नाही. ताबा घेऊन विकण्याऐवजी पुन्हा भाड्याने देण्याचा विचार असेल तर तो सोडा, त्यावर बारा महिन्यांची बंदी आहे. तपासणीला दार न उघडणं हा करारभंग धरून ग्राउंड १२ ही लावता येईल, पण ते कोर्टाच्या मर्जीवर आहे, आणि तुमचं ते कलम पाहून मर्जी कुठे झुकेल हे मी सांगत नाही. डिपॉझिट नोंदणीकृत योजनेत आहे का ते नोटिशीआधी तपासा.

तपासणी आणि ताबा यांची गाठ मारू नका. गॅसच्या पत्रात घर विकण्याचा शब्दही नको, नाहीतर प्रवेशाची मागणी हा हुसकावण्याचा डाव आहे असं म्हणायला त्याला जागा मिळेल. दोन पत्रं, दोन विषय, आणि दोन्हींवर नोटीस बजावण्यासाठी इंग्लंड किंवा वेल्समधला पत्ता.

सर्टिफिकेट हातात आलं की त्याची प्रत २८ दिवसांच्या आत भाडेकरूला द्यायची असते. तुम्ही त्याच दिवशी ईमेल करा. पुढच्या दोन तपासण्या होईपर्यंत मूळ जपून ठेवा. तपासणी ज्या तारखेला होईल तिच्यापुढे दहा महिने मोजा आणि तो दिवस कॅलेंडरवर लावा. पहिलं पत्र त्या दिवशी जायला हवं.